झाड चावणारा कुत्रा आणि उन्हाळा

एप्रिल लागला की वसाहतीत एक तक्रार हमखास ऐकू येते. कोणाचा मोत्या, कोणाचा टायगर, कोणाचा राजा अंगणातल्या झाडाची साल दातांनी सोलून काढतो. शेवग्याचे खोड खरवडले जाते, पेरूच्या फांद्या तुटतात, मंडळाच्या पोरांनी पावसाळ्यात लावलेल्या करंजाच्या रोपाचा नुसता खुंट उरतो. मग घरातला कोणीतरी काठी उचलतो आणि कुत्र्याला चार रट्टे घालतो. कुत्रा केकाटतो, तासभर गप्प बसतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच झाडाला भिडतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

कुत्र्यावर काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या गल्लीगल्लीत कुत्रा आहे. कोणी हौसेने आणलेला, कोणी राखणीला ठेवलेला, तर कोणी शिळ्या भाकरीवर आपोआप दारात राहिलेला. या झाड चावण्याचा शेवट कधी शेजाऱ्यांच्या भांडणात, कधी विषाच्या गोळ्यात, तर कधी दवाखान्यातल्या लसीच्या रांगेत होतो. म्हणून यावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

नाशिकची हवा थंड म्हणून नावाजलेली. तरी एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, काही दिवशी त्याच्याही वर चढतो. माणसाला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होते. कुत्र्याची सोय निराळी आहे. त्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम सुटत नाही. तळपायांना थोडा सुटतो, पण तेवढ्याने भागत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग. धापा टाकताना तोंडातले पाणी वाफ होऊन जाते, म्हणून त्याला तहानही अधिक लागते. अशा जनावराला तीन हात साखळीने झाडाला बांधले, सकाळची सावली दुपारी सरकून गेली आणि पाण्याचे भांडे लाथेने उलटले, तर त्याच्या आवाक्यात उरते काय? ते झाड आणि त्याच्या बुंध्याशी असलेली थोडी ओली माती. कुत्रा ती माती उकरून पोट गार करायला खड्ड्यात बसतो, मुळे उघडी पडतात आणि तोंडासमोरचे खोड चावायला सापडते.

चावण्याची कारणे अनेक आहेत आणि ती ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. पहिले कारण दात. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू चप्पल, खाटेचा पाय, झाडाचे खोड, जे मिळेल ते चावते. आपल्याकडच्या पुष्कळशा गावठी कुत्र्या पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पिल्लांचे दात बदलण्याचा हंगाम नेमका एप्रिल-मे-जूनमध्ये येतो. उन्हाळ्यातच कुत्र्यांना झाडे खाण्याचे खूळ लागते, असे जे वाटते त्याचा बराचसा उलगडा या साध्या हिशेबात आहे. अशा पिल्लाला मारून उपयोग नाही. बाळाला दात येताना आपण त्याला मारत नाही.

दुसरे कारण रिकामपण. आईवडील दोघेही सातच्या ठोक्याला कामावर गेले, मुले सुट्टीत मामाच्या गावाला गेली, कुत्रा एकटा. एरवी सकाळ-संध्याकाळ फिरायला मिळते, पण उन्हामुळे तेही बंद होते. अंगातली रग दिवसभर साठते आणि ती दातांवाटे बाहेर पडते. तिसरे कारण झाडावरचे जीव. खार, सरडा, मांजर खोडावरून सरसर वर गेले की खाली बांधलेला कुत्रा उड्या मारतो, भुंकतो आणि हाती काही लागत नाही म्हणून खोडालाच चावतो.

या तिसऱ्या कारणाची गंमत अशी की अमेरिकेत याच गुणासाठी मुद्दाम कुत्री जोपासली गेली. त्यांना कूनहाउंड म्हणतात. रॅकून नावाचा, मांजराहून थोडा मोठा प्राणी तिकडे रात्री हिंडतो. हे कुत्रे वासावरून त्याचा माग काढतात, त्याला झाडावर चढायला लावतात आणि शिकारी येईपर्यंत बुंध्याशी उभे राहून भुंकत राहतात. त्यांतल्या एका जातीच्या 'ट्रीइंग वॉकर' या नावातच झाड आले आहे. हे कुत्रे झाडाची साल ओरबाडतात ते पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेल्या स्वभावाने. आपल्याकडचे शिकारी कुत्रे म्हणजे कारवान आणि पश्मी, किंवा कर्नाटकातल्या मुधोळचे हाउंड. हे नाकापेक्षा डोळ्यांवर चालणारे, मोकळ्या माळावर सशामागे धावणारे कुत्रे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. पण पळण्यासाठी घडलेले हे लांब पायांचे कुत्रे आता रुबाब म्हणून घरोघर आले आहेत आणि दहा बाय दहाच्या अंगणात बांधलेले दिसतात. त्यांनी झाड चावले नाही तरच नवल. आपल्या जागेत कोणता कुत्रा मावेल, याचा विचार तो आणण्याआधी करावा. गावठी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला असतो, मिळेल त्यावर राहतो आणि राखणीलाही कमी पडत नाही.

चौथे कारण भूक आणि पोटातले जंत. केवळ भाकरीच्या तुकड्यावर वाढलेला, जंतांनी पोखरलेला, गोचिडांनी रक्त शोषलेला कुत्रा माती, लाकूड, कोळसा असले नको ते खातो. त्याला वेळच्या वेळी जंताचे औषध हवे. ते पशुवैद्यकाला वजन सांगून घ्यावे, माणसाच्या गोळीचा अंदाजपंचे तुकडा देऊ नये.

आता झाडाची बाजू. झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते. साल एका बाजूने सोलली तर झाड ती जखम हळूहळू भरून काढते. पण खोडाभोवती पूर्ण कडे सोलले गेले तर मुळांची उपासमार होते. पाने काही दिवस हिरवी दिसतात, त्यामुळे आपण गाफील राहतो आणि नंतर झाड उभ्याउभ्या वाळते. दोन-तीन वर्षांच्या रोपाला कुत्र्याने चारी बाजूंनी चावले की त्याचे आयुष्य संपलेच म्हणायचे. म्हणून पहिली गोष्ट अशी की लहान झाडाला कुत्रा बांधूच नये. बांधायचा तर जमिनीत पक्का खुंटा ठोकून, झाड तोंडाच्या आवाक्याबाहेर राहील आणि त्याची सावली मात्र दिवसभर मिळेल असा बांधावा. खोडाला कुत्र्याच्या उंचीपर्यंत जाळी लावावी किंवा गोणपाट गुंडाळून वर सैलसर दोरी बांधावी. दोरी करकचून आवळली तर तीच पुढे खोडात रुतते.

काही जण खोडाला डांबर, फिनेल, मोरचूद, कीटकनाशक असे काहीबाही फासतात. असे करू नये. शेतकरी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती मोरचूद आणि चुन्याची असते. झाडाच्या रोगावर ती चांगली, पण ती चाटणाऱ्या जनावराला बाधते. कडू चव हवीच असेल तर कारल्याचा रस किंवा कडुनिंबाचा पाला वाटून लावावा. त्यानेही काही कुत्री बधत नाहीत, म्हणून भिस्त जाळीवरच ठेवावी.

कुत्र्याने कोणते झाड चावले, यालाही महत्त्व आहे. कण्हेर आपल्या अंगणात असते आणि महामार्गाच्या दुभाजकातही असते. तिचे पान, फूल, साल, वाळलेली काटकीसुद्धा विषारी आणि ते विष थेट हृदयावर चालते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. रुईचा चीक, एरंडाच्या बिया आणि शोभेसाठी लावतात तो सायकस, हे सगळे कुत्र्याला घातक आहेत. कडुनिंबाची काडी चघळली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण त्याच्यासारखाच दिसणारा बकाण निंब वेगळा. त्याची पिवळी फळे कुत्र्याला विषारी असतात. असे काही खाऊन कुत्रा ओकू लागला, लाळ गाळू लागला, लडखडला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढणे तर नकोच. खाल्लेल्या झाडाची फांदी बरोबर घेऊन पशुवैद्यक गाठावा.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक सूचना. निफाड, दिंडोरी भागात द्राक्षबागांवर कामाला जाणारी आणि तिथेच मुक्काम करणारी आपली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांचे कुत्रेही बागेत असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. एखाद्या कुत्र्याला थोड्या द्राक्षांनीही बाधते, म्हणून उरलेले घड प्रेमाने त्याच्यापुढे टाकू नयेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, काड्यांचे ढीग पडतात आणि कुत्री त्या चघळत बसतात. त्या काड्यांवर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. तो ढीग कुत्र्यापासून आणि चुलीला काड्या गोळा करणाऱ्या लेकरांपासूनही लांब ठेवावा.

चावणे ही कुत्र्याची गरज आहे. ती बंद करता येत नाही, दुसरीकडे वळवता येते. जुन्या सुती कापडाला घट्ट गाठी मारून ते भिजवावे आणि फ्रीज असेल त्यांनी बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्यावे. पिल्लाच्या हिरड्यांना ते गारही लागते आणि चावायलाही पुरते. बिनमिठाची भाताची पेज वाटीत गोठवून दिली तर कुत्रा अर्धा तास चाटत बसतो. थंड गाजर चालते. शिजवलेली कोंबडीची हाडे देऊ नयेत, ती टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. लाकडाच्या चिपांचेही तसेच आहे. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडत असेल, खायला नको म्हणत असेल तर दाढेत किंवा टाळूत लाकूड अडकले आहे का, हे पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावे.

फिरवायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर रात्री न्यावे. रस्ता तापला आहे का हे पाहण्यासाठी हाताची उलटी बाजू पाच सेकंद डांबरावर टेकवावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. पाण्यासाठी पसरट, जड, मातीची कुंडी घ्यावी म्हणजे ती उलटत नाही आणि पाणीही गार राहते. पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि आठवड्यातून एकदा कुंडी घासून कोरडी करावी, नाहीतर त्यातच डासांच्या अळ्या होतात.

चावू नये म्हणून काही जण कुत्र्याचे तोंड सुतळीने किंवा पट्ट्याने बांधून ठेवतात. उन्हाळ्यात हे जीवघेणे आहे. तोंड मिटले की धाप बंद होते आणि अंगातली उष्णता कोंडते. कुत्र्याचे अंग एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले की धोका सुरू होतो आणि १०६ च्या पुढे प्राणावर बेतते. थांबता न थांबणारी धाप, लालभडक हिरड्या, घट्ट लाळ, तोल जाणे, ओकारी ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी त्याला लगेच सावलीत घ्यावे, नळाचे, माठाचे, मिळेल ते पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांत ओतत राहावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओले जाड पोते अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावे, पण जबरदस्तीने घशात ओतू नये. अंग थोडे निवले की दवाखान्यात न्यावे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. शांत असणारा कुत्रा एकाएकी काठ्या, दगड, झाड, स्वतःची साखळी कडाकडा चावू लागला, त्याचा आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, गिळता येईना, ओळखीच्या माणसावरही धावला, तर ते दात शिवशिवण्याचे लक्षण समजू नये. तो पिसाळलेला असू शकतो. त्याच्या तोंडात अडकलेली काडी काढायला हात घालू नये, मुलांना घरात घ्यावे आणि पशुवैद्यकाला किंवा महापालिकेला कळवावे.

पिसाळण्याविषयी आपल्या समाजात दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. उन्हाने कुत्रा पिसाळतो, हा पहिला. हा रोग विषाणूचा आहे, तो बाधित प्राण्याच्या लाळेतून चावल्यावर पसरतो आणि बाराही महिने होतो. ऊन त्याला जन्म देत नाही. दुसरा गैरसमज असा की कुत्रा पाणी पितो म्हणजे तो पिसाळलेला नाही. पाण्याची धास्ती हे रोग झालेल्या माणसातले लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याजवळ जातो, त्यात तोंडही घालतो.

कुत्रा चावला तर जखमेवर हळद, चुना, मिरची भरू नये. उतारा, मंत्र, पाला यांच्या मागे जाऊ नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे घड्याळ लावून जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे. लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण ती लस बंद होऊन वीस वर्षे झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुधा दंडाच्या कातडीत लस देतात आणि त्यासाठी पहिला, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस धरतात. रक्त निघाले असेल तर जखमेत निराळे औषधही टोचतात. कुत्रा दहा दिवस जिवंत राहतो का, यावर नजर ठेवावी, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. आणि घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. तिचा कागद रेशनकार्डाशेजारी ठेवावा.

झाड चावल्यावरून होणाऱ्या भांडणांविषयी थोडेसे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका वसाहतीत अशाच एका कुत्र्याने सार्वजनिक जागेतली पाच रोपे संपवली. रोपे लावणाऱ्या पोरांचा राग खरा होता, त्यांनी वर्षभर बादल्या वाहिल्या होत्या. एकाने पोळीतून औषध घालण्याची भाषा केली. आम्ही बसून दोन्ही बाजूंना कायदा वाचून दाखवला. जनावराला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय ती पोळी एखादे लेकरू उचलून खाईल, ते वेगळेच. दुसऱ्या बाजूला १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ सांगते की कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला पाय मोकळे करू न देणे, पुरेसे अन्नपाणी आणि निवारा न देणे हासुद्धा गुन्हाच. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज चहापाण्याइतका. पण दंड कमी म्हणून चूक लहान होत नाही. शेवटी मालकाने जाळ्यांचे पैसे दिले, पोरांनी त्या बसवल्या आणि कुत्र्याला संध्याकाळी फिरवण्याचे काम त्याच पोरांतल्या दोघांनी घेतले.

घरातही असाच हिशेब मांडावा. कुत्रा हौसेने आणतो मुलगा, त्याचा रुबाब मिरवतात वडील आणि खरकटे, घाण, पाणी हे सगळे पडते आईच्या गळ्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावे लिहा. सकाळचे पाणी कोणाचे, दुपारी सावली पाहून खुंटा बदलण्याचे काम कोणाचे, रात्री फिरवणे कोणाचे. दुपारी घरी कोणीच नसेल तर शेजाऱ्याला विनंती करा किंवा कुत्रा आत फरशीवर ठेवून जा.

मे महिना कडक असतो. त्याआधीच्या रविवारी तीन कामे उरकून घ्यावीत. साखळी मोजून लांब करावी, लहान झाडांना जाळी लावावी आणि लसीचा कागद काढून तारीख पाहावी. ही तीनही कामे अर्ध्या दिवसात होतात आणि खर्च फारसा येत नाही.